ओझरला येणारं विमान अ‍ॅपवरून गायब होतं, तेव्हा एटीसीला ते कसं दिसतं आणि ओळखू कसं येतं?

पंचवटीकर

ओझरला येणारं विमान मोबाइलच्या अ‍ॅपवर बघितलं की हमखास एक गोष्ट घडते. विमान नाशिक जिल्ह्यात शिरतं, उंची कमी व्हायला लागते आणि ठिपका अडखळतो. मग मागची रेषा तुटक होते, शेवटी ठिपकाच नाहीसा. विमान मात्र व्यवस्थित उतरलेलं असतं. एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, पडद्यावरही असंच होतं का? आणि आकाशात एकाच वेळी वीस-पंचवीस विमानं असताना हा ठिपका म्हणजे अमुकच विमान, हे कंट्रोलर कशावरून ठरवतो? जाणकारांनी मुळापासून, आकड्यांसकट सांगावं. ‘रडारने कळतं’ एवढं तर सगळीकडे वाचायला मिळतं.

मोनोपल्स

पंचवटीकर, यात दोन प्रश्न आहेत. ते वेगळे ठेवले तरच पुढचं सगळं नीट समजतं. विमान कुठे आहे हा एक, आणि ते कोणतं आहे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर यंत्रं देतात. दुसऱ्याचं उत्तर कंट्रोलरला पक्कं करून घ्यावं लागतं, आणि ते होईपर्यंत नुसत्या ठिपक्याच्या भरवशावर त्याला दोन विमानांमधलं अंतर ठरवता येत नाही.

आधी ‘कुठे’. प्रायमरी रडार लहर सोडतं, ती विमानावर आपटून परत येते. जाऊन-येऊन एका नॉटिकल मैलाला १२.३६ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ८५ मैलांवरच्या विमानाचा प्रतिध्वनी साधारण १०५० मायक्रोसेकंदांनी पोचतो. दिशा कळते ती अँटेना त्या क्षणी कुठे वळलेली आहे त्यावरून. यापुढे प्रायमरीकडे काही नाही. उंची नाही, नाव नाही. पावसाचा ढग, डोंगराची कड, पक्ष्यांचा थवा हेही त्याच्या दृष्टीने प्रतिध्वनीच.

म्हणून सेकंडरी रडार. ते प्रतिध्वनीची वाट बघत नाही, विमानाला प्रश्न विचारतं. प्रश्न १०३० मेगाहर्ट्झवर जातो, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. प्रश्नात दोन मुख्य स्पंद असतात. त्यांच्यात ८ मायक्रोसेकंदांचं अंतर असेल तर तो मोड ए, म्हणजे ‘तुझा कोड काय?’. २१ मायक्रोसेकंदांचं असेल तर मोड सी, म्हणजे ‘तुझी उंची किती?’. उत्तर येतं ते दोन चौकटीच्या स्पंदांमध्ये. या दोघांत २०.३ मायक्रोसेकंद, आणि मधे माहितीच्या १२ जागा. प्रत्येक जागी स्पंद आहे किंवा नाही. दोनचा बारावा घात ४०९६, म्हणून एकूण कोड तेवढेच आणि प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच. या चार आकडी कोडला स्क्वॉक म्हणतात, त्यात ८ किंवा ९ कधीच दिसणार नाही.

एक बारकावा बऱ्याच पुस्तकांत निसटतो. उत्तरात ‘हा कोड आहे’ किंवा ‘ही उंची आहे’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. आपण काय विचारलं होतं हे जमिनीवरच्या यंत्राला माहीत असतं, तेवढ्यावरच ते उत्तराचा अर्थ लावतं.

गोदाकाठ

छान. पण अ‍ॅप तर रडारवर चालत नाही ना? मग तुलना कशी करायची?

मोनोपल्स

बरोबर, अ‍ॅपवर मुख्यतः एडीएस-बी दिसतं. त्यात कोणी विचारायची गरज नाही. विमान आपल्या जीपीएसवरून काढलेलं स्थान साधारण सेकंदाला दोनदा स्वतःहून १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित करतं. ११२ बिटांचा संदेश, लांबी १२० मायक्रोसेकंद. त्यात विमानाचा २४ बिटांचा पत्ता असतो. जगभरात असे १,६७,७७,२१६ पत्ते होतात, ते देशांना वाटून दिलेले आहेत. भारताच्या वाट्याचे सोळाच्या पायात लिहिले तर ८० ते ८३ ने सुरू होतात.

फरक मुळातला आहे. रडार विमान कुठे आहे ते स्वतः मोजतं. एडीएस-बीमध्ये विमान सांगेल ते ऐकायचं. अ‍ॅपवाल्यांचे रिसीव्हर हौशी लोकांच्या गच्चीवर असतात. ते जिथे नाहीत किंवा जिथे डोंगर आडवा येतो, तिथे ठिपका गेला. तुटक रेषा हा अ‍ॅपने बांधलेला अंदाज असतो, तिथे विमान कोणी ‘पाहिलेलं’ नसतं.

कळसूबाई

आडव्या येणाऱ्या डोंगराचा हिशोब नाशिकपुरता मांडून बघू या. कागद-पेन्सिलीचं काम आहे.

पृथ्वी गोल आहे आणि रेडिओ लहर किंचित वाकते. हे दोन्ही धरून सूत्र असं: सपाट क्षितिजापर्यंतचं अंतर नॉटिकल मैलात = १.२३ × उंचीचं वर्गमूळ, उंची फुटांत. उलटं केलं तर अमुक अंतरावर पृथ्वीची वक्रता किती फूट ‘खाते’ ते मिळतं: अंतर भागिले १.२३, त्याचा वर्ग.

मुंबई विमानतळ ते ओझर सरळ रेषेत साधारण ८५ मैल. रडार मुंबई विमानतळाजवळ आणि अँटेना समुद्रसपाटीपासून १०० फुटांवर आहे असं धरू. ही सरळ रेषा जवळजवळ इगतपुरीवरूनच जाते, मुंबईपासून साधारण ५३ मैलांवर. तिथे घाटमाथ्याची धार ३००० फूट धरू. अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई रेषेच्या दक्षिणेला राहतात, ते याहून बरेच उंच आहेत. कळसूबाई तर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. त्यांच्या मागची सावली आणखी खोल.

५३ मैलांवर वक्रता खाते १८५७ फूट. ३००० मधून ते आणि अँटेनाचे १०० वजा केले की उरतात १०४३. म्हणजे धारेवरून जाणारा किरण मैलामागे साधारण २० फूट चढतो. ८५ मैलांपर्यंत तो १६७३ फूट चढेल. त्यात अँटेनाचे १०० आणि ८५ मैलांवरच्या वक्रतेचे ४७७५ मिळवा. बेरीज ६५४८.

म्हणजे या गृहीतकांवर ओझरच्या आकाशात समुद्रसपाटीपासून साधारण ६५०० फुटांखालचं विमान मुंबईतल्या रडारला दिसणार नाही. ओझरची धावपट्टीच १९०० फुटांच्या वर आहे, त्यामुळे जमिनीपासून साडेचार हजार फूट उंचीचा पट्टा सावलीत जातो. आणि उतरणाऱ्या विमानाचा सगळा शेवटचा टप्पा याच पट्ट्यात येतो. रडारची ताकद वाढवून यात काही फरक पडत नाही. ही अडचण रेषेची आहे, शक्तीची नाही.

पंचवटीकर

हा हिशोब अप्रतिम. मग अशा सावलीत विमान कोणाच्या भरवशावर असतं?

मोनोपल्स

कार्यपद्धतीच्या भरवशावर. रडार येण्याआधी जगभर हेच चालायचं आणि आजही जिथे सावली आहे तिथे चालतं. पायलट आपलं कॉलसाइन (रेडिओवरचं उड्डाणाचं नाव), ठिकाण, वेळ, उंची, पुढचं ठिकाण आणि तिथे पोचायची वेळ सांगतो. कंट्रोलर ते त्या विमानाच्या पट्टीवर, म्हणजे स्ट्रिपवर, लिहितो आणि दोन विमानांत १००० फूट उभं अंतर किंवा ठरावीक मिनिटांचं अंतर राखतो. रडारवर मार्गावरच्या विमानांना ५ मैल पुरतात. कार्यपद्धतीत त्याच कामाला १० मिनिटं ठेवावी लागली, तर ३०० नॉटच्या (ताशी ३०० नॉटिकल मैल) विमानाला ती ५० मैल झाली. सावलीत जागा किती महाग पडते ते यावरून लक्षात यावं. सुरक्षितता तीच राहते, विमानांची संख्या कमी होते.

(ओझर, गांधीनगर, देवळाली इथे कोणती यंत्रणा आहे याची चर्चा या धाग्यात नको. ओझरची धावपट्टी एचएएलची (हिंदुस्तान एरोनॉटिक्सची) आहे, सुखोई तिथे बांधली गेली. विषय नागरी पद्धतीपुरता ठेवू या.)

अंजनेरी

मूळ दुसरा प्रश्न मागे पडतोय. कोड दिला, पडद्यावर तो उमटला, की ओळख पटली असं धरायचं का?

मोनोपल्स

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग, म्हणून सविस्तर.

विमान निघण्याआधी फ्लाइट प्लॅन भरलेला असतो. त्याच्या सातव्या रकान्यात कॉलसाइन. एटीसी त्या विमानाला एक स्वतंत्र कोड देतं, समजा ४२६१. संगणकात ४२६१ आणि ते कॉलसाइन यांची जोडी लागलेली असते. पायलटने कोड लावला, रडारला ४२६१ असं उत्तर आलं, की ठिपक्याशेजारच्या लेबलवर कॉलसाइन, उंची आणि वेग उमटतात. इथपर्यंत सगळं यंत्राने केलं.

हे लेबल बघून ओळख धरता येते. पण अट अशी की कोड त्या भागात एकाच विमानाकडे असला पाहिजे आणि जोडी बरोबर लागली आहे याची खात्री पाहिजे. शंका आली की कंट्रोलर म्हणतो ‘स्क्वॉक आयडेंट’. पायलट ट्रान्सपॉन्डरवरचं आयडेंटचं बटण दाबतो. मग चौकटीच्या शेवटच्या स्पंदानंतर ४.३५ मायक्रोसेकंदांनी एक जादा स्पंद जायला लागतो आणि तो साधारण १८ सेकंद टिकतो. पडद्यावर तेवढा वेळ ते एकच लेबल चमकतं. यात कंट्रोलरने बघायची गोष्ट म्हणजे क्रम. सूचनेआधी लेबल शांत, सूचनेनंतर चमकलं, बाकी कोणतंही चमकलं नाही. दुसऱ्या कंट्रोलरने त्याच वेळी त्याच्या विमानाला आयडेंट करायला सांगितलं तर दोन लेबलं चमकतात. अशा वेळी तो पुरावा सोडून द्यायचा आणि पुन्हा सांगायचं.

सेकंडरी नसेल, नुसतं प्रायमरी असेल, तरीही ओळख पटवता येते, पण वेळ लागतो. पायलटने सांगितलेलं ठिकाण आणि ठिपक्याचं ठिकाण जुळवायचं, तेही त्याच्या दिशेसकट. किंवा ३० अंश किंवा जास्त वळायला सांगायचं आणि तेवढाच एक ठिपका वळतो का ते बघायचं. इथे वळण्याआधीची दिशा पायलटकडून घेतलेली हवी, नाहीतर योगायोगाने वळलेलं दुसरं विमान गळ्यात पडतं. किंवा धावपट्टी सोडल्यावर तिच्या टोकापासून एका मैलाच्या आत उमटलेला ठिपका त्या उड्डाणाशी जोडायचा. चौथा मार्ग हस्तांतराचा, शेजारच्या कंट्रोलरने ओळखलेलं विमान त्याच्याकडून घ्यायचं. ओळख पटली की पायलटला ‘आयडेंटिफाइड’ असं कळवायचं. ती तुटली तर तेही सांगायचं. गृहीत धरून पुढे जायला परवानगी नाही.

उंचीचंही तसंच. लेबलवर आकडा दिसतो म्हणून तो वापरायचा नाही. पायलट पहिल्यांदा संपर्कात आला की त्याला उंची विचारायची. पडद्यावरचा आकडा आणि त्याचं उत्तर यांत ३०० फुटांपेक्षा जास्त फरक नको. उभं अंतर १००० फुटांवर आणलेल्या वरच्या आकाशात तर २०० फुटांपेक्षा जास्त नको. फरक जास्त असेल तर आधी अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या काट्यावर) लावलेला हवेचा दाब तपासायला सांगायचं. तरी जमलं नाही तर ‘स्टॉप स्क्वॉक चार्ली, राँग इंडिकेशन’. उंची बंद, पण कोड चालू राहतो.

रानवड

विमानातल्या बाजूने जोडतो. दाबाबद्दल एक गैरसमज कायम ऐकू येतो. पायलटने अल्टिमीटरची खुंटी फिरवली की मोड सीची उंची बदलते, असा. बदलत नाही. एन्कोडर (ट्रान्सपॉन्डरला उंची पुरवणारं यंत्र) नेहमी १०१३.२५ हेक्टोपास्कलवरच मोजतो. स्थानिक दाबाची दुरुस्ती जमिनीवरचा संगणक करतो.

पावसाळ्यातलं उदाहरण घ्या. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला स्थानिक दाब, १००३. फरक १० हेक्टोपास्कलचा, म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे फूट. पायलट १००३ लावून ६००० वर स्थिर आहे. ट्रान्सपॉन्डर साधारण ६३०० पाठवतो, संगणक ३०० वजा करतो, पडद्यावर ६०००. सगळं ठीक. आता पायलट १०१३ बदलायला विसरला आणि त्याच्या काट्यावर ६००० आहे. ट्रान्सपॉन्डर ६००० पाठवतो, पडद्यावर येतात ५७००. विमान खरोखर ५७०० वरच आहे, आणि सह्याद्रीच्या अंगाला हे ३०० फूट फार मोलाचे. यंत्र बरोबर आहे, खुंटी चुकली आहे.

दोष कुणाचा हे ओळखायची खूण सोपी: एकच विमान चुकीचं दिसत असेल तर त्या विमानात बघा, सगळीच विमानं सारख्याच फुटांनी चुकत असतील तर संगणकात भरलेला क्यूएनएच बघा.

जुन्या विमानांत एन्कोडरपासून ट्रान्सपॉन्डरपर्यंत उंची समांतर तारांवरून जाते. प्रत्येक १०० फुटांच्या पायरीला एकच तार बदलेल अशी ती सांकेतिक मांडणी असते, म्हणजे पायरी बदलताना वाचलं तरी चूक १०० फुटांचीच व्हावी. पण त्यातली एक पिन सैल झाली तर काही उंचीपट्ट्यांत आकडा बरोबर आणि पुढच्या पट्ट्यात एकदम शेकडो किंवा हजारो फुटांची उडी. पायलटची तक्रार असते की ‘कधीकधीच होतं’. तो ज्या उंचीवर झाल्याचं सांगतो ती लिहून घ्या, बेंचवर पिटो-स्टॅटिक टेस्टरने (हव्या त्या उंचीचा हवेचा दाब देणाऱ्या यंत्राने) तोच पट्टा १०० फुटांच्या पायऱ्यांनी चढवत न्या. कुठली तार ते लगेच सापडतं. जमिनीवर उभं करून नुसती एका उंचीची तपासणी केली तर हा दोष कधीच हाती लागत नाही.

बाकी रॅम्प तपासणीत (विमान जमिनीवर उभं असताना) मी क्रम असा ठेवीन. आधी पोटाखालची अँटेना. तो लहानसा पंख तेलाने आणि धुळीने माखलेला असतो, पुसून घ्या. मग कोअ‍ॅक्सचा जोड. ३ डीबी गळती म्हणजे निम्मी शक्ती, आणि पल्ला साधारण ७० टक्क्यांवर. मग वारंवारता १०९० च्या ३ मेगाहर्ट्झ अलीकडे-पलीकडे, मोड एसला (एकेका विमानाला त्याच्या पत्त्याने विचारणारा प्रकार) १ मेगाहर्ट्झ. ग्रहणक्षमता उणे ७३ डीबीएमच्या ४ डीबी अलीकडे-पलीकडे. उत्तराचा विलंब ३ मायक्रोसेकंद. हा अर्धा मायक्रोसेकंद सरकला तर विमान रडारवर ७५ मीटर पुढे-मागे दिसतं.

सातपूर_इलेक्ट्रॉनिक्स

वळताना लेबल जाणं याच अँटेनामुळे का?

रानवड

हो. एकच अँटेना पोटाखाली असेल आणि विमान रडारच्या बाजूला कललं, तर मधे विमानाचं अंगच येतं. मोठ्या विमानांत वर-खाली दोन असतात, त्यामुळे त्यांना हा त्रास क्वचित.

मोनोपल्स

आणि एखादं उत्तर चुकलं म्हणून पडद्यावरचा माग लगेच जात नाही. आधीच्या वेगावरून संगणक पुढची जागा बांधतो, चिन्ह बदलून दाखवतो, काही फेऱ्यांत उत्तर आलं नाही तर माग सोडतो. हे बदललेलं चिन्ह वाचता आलं पाहिजे. लांब पल्ल्याच्या रडारची फेरी १२ सेकंदांची असेल तर ४५० नॉटचं विमान तेवढ्यात दीड मैल सरकतं. तीन फेऱ्या अंदाजावर म्हणजे साडेचार मैल, आणि तेवढ्यात वळलं असेल तर अंदाज चुकीच्या दिशेला.

दुसरा जुना त्रास उत्तरं एकमेकांत मिसळण्याचा. २०.३ मायक्रोसेकंद म्हणजे अंतरात १.६४ मैल. दोन विमानं रडारपासून जवळजवळ एकाच दिशेला आणि त्यांच्या अंतरातला फरक याहून कमी असेल, तर उत्तरं एकावर एक पडतात आणि तिसराच कोड किंवा भलतीच उंची तयार होऊ शकते. विमानं जवळ आल्यावरच हे होतं, म्हणजे माहिती सगळ्यात जास्त हवी तेव्हाच. मोड एसने हे सोडवलं. तो २४ बिटांच्या पत्त्याने एकेकाला बोलावतो आणि उंची २५ फुटांच्या पायऱ्यांत मिळते.

अंजनेरी

उंची न दिसण्याची किंमत आपल्या देशाने मोजलेली आहे. १२ नोव्हेंबर १९९६, चरखी दादरी. सौदी विमानाला १४,००० फुटांची परवानगी, कझाक विमानाला १५,००० पर्यंत उतरण्याची. कझाक विमान त्याखाली उतरलं. ३४९ माणसं गेली. त्या वेळी दिल्लीच्या कंट्रोलरसमोर प्रायमरी रडारच होतं, त्यावर उंची उमटत नव्हती. पायलट सांगेल तेवढीच उंची त्याला माहीत. मोनोपल्स वर ‘गृहीत धरून पुढे जायला परवानगी नाही’ म्हणाले त्याचं वजन इथे कळतं.

सातपूर_इलेक्ट्रॉनिक्स

गच्चीवर एडीएस-बी रिसीव्हर लावणाऱ्यांसाठी. आधी वायरलेस परवान्याचे चालू नियम बघा, आणि लष्करी विमानांच्या नोंदी कुठेही टाकू नका.

१०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २७.५ सेंटिमीटर, पाव तरंगाची अँटेना ६.९ सेंटिमीटर. केबल लांब घेण्याचा मोह टाळा. डिश टीव्हीची २० मीटर केबल या वारंवारतेला ४ डीबीच्या आसपास खाते. रिसीव्हर अँटेनाजवळ ठेवून खाली नेटवर्कची तार आणावी. अ‍ॅम्प्लिफायर लावायचाच असेल तर त्याच्या आधी १०९० चा फिल्टर. शेजारच्या मोबाइल टॉवरने अ‍ॅम्प्लिफायर गुदमरतो आणि विमानं वाढण्याऐवजी कमी होतात. पंचवटीकरांच्या प्रश्नातली पोकळी भरायची तर नाशिकच्या मध्यावरच्या गच्चीपेक्षा दिंडोरी-ओझर-पिंपळगाव पट्ट्यातली उघडी जागा जास्त उपयोगाची. एडीएस-बी नसलेल्या विमानाला मात्र एका रिसीव्हरने भागत नाही. चार ठिकाणी तोच संदेश पोचला पाहिजे, पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून जागा काढतात. प्रकाश नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे एक मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटरचा घोळ.

पंचवटीकर

एक राहिलं. कधीकधी अ‍ॅपवर लेबलमध्ये तिकिटावरचाच क्रमांक दिसतो, कधी वेगळा. एटीसीलाही तसंच दिसतं का?

मोनोपल्स

क्रूने ट्रान्सपॉन्डरमध्ये काय भरलं आहे तेच मोड एसमधून येतं. तिकिटावर इंडिगोचं ६ई असतं, फ्लाइट प्लॅनच्या सातव्या रकान्यात आयजीओ आणि आकडे. ट्रान्सपॉन्डरमध्ये सातव्या रकान्याशी अक्षर न् अक्षर जुळणारं हवं. तिकिटाचा क्रमांक भरला, मधे जागा सोडली किंवा पुढे शून्य घातलं, तर नावावरून जोडी लावणाऱ्या संगणकाला ती लागत नाही आणि कंट्रोलरला न जुळणारं लेबल दिसतं. मग तो पायलटला विमानाची ओळख पुन्हा भरायला सांगतो, आणि ती जुळेपर्यंत कोड व आयडेंटवरून काम चालवतो. आदल्या फेरीची ओळख तशीच राहून गेली तर जास्त धोका, कारण लेबल अगदी खरं वाटतं. म्हणून टॅक्सी करण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये ही ओळ वाचताना फ्लाइट प्लॅनचा कागद समोर धरून, आकडा-आकडा बोट ठेवून वाचावी.